संकेतस्थळ सर्वांस सुगम कसें करावें?

सापगांव हें भातसा नदीच्या कांठचें गांव. शहापुराहून मुरबाडकडे जाणारा रस्ता येथें नदी ओलांडतो. पावसाळ्यांत भातसेला पूर आला म्हणजे पुलाची किंमत कळते, हें या भागांतील मुलांस सांगावयास नको. पुलावरून जाणाऱ्यास पूल कांहीं विचारीत नाहीं. बैलगाडी असो, शाळेचीं मुलें असोत, कीं काठी टेकीत चाललेला म्हातारा असो, वाट सर्वांस सारखीच मोकळी असते. आज आम्ही एका निराळ्या प्रकारच्या पुलाविषयीं चार शब्द लिहिणार आहों.

हा पूल म्हणजे संकेतस्थळ. दहावी-बारावीचा निकाल, उत्पन्नाचा दाखला, सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेल्वेचें तिकीट, बँकेंतील शिल्लक, अशीं कितीएक कामें पूर्वीं कचेरीच्या दारीं तिष्ठत बसून करावीं लागत. तीं आतां घरबसल्या मोबाईलवर करतां येतात. ज्याला चालतां येत नाहीं, दिसत नाहीं किंवा ऐकूं येत नाहीं, त्याला तर या सोयीचा लाभ इतरांहून अधिक व्हावयास हवा. कारण कचेरीची वाट त्यालाच अधिक लांब पडते. परंतु पुष्कळदां घडतें तें याच्या उलट. ज्यांना पुलाची गरज सर्वांत अधिक, त्यांच्याच वाटेंत पुलाच्या तोंडाशीं पायऱ्या बांधलेल्या आढळतात. त्या पायऱ्या कोणत्या, त्या कोण बांधतो आणि त्या कशा काढाव्या, एवढाच या लेखाचा विषय आहे.

असे लोक थोडे आहेत अशी कोणीं समजूत करून घेऊं नये. २०११ च्या जनगणनेंत आपल्या देशांत सुमारें २ कोटी ६८ लक्ष, व एकट्या महाराष्ट्रांत सुमारें २९ लक्ष ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. शिवाय ज्यांची नोंद कोणत्याच वहींत होत नाहीं अशीं माणसेंही या हिशेबांत धरलीं पाहिजेत. मोतीबिंदूनें दृष्टि मंदावलेली आजी, हात मोडून गळ्यांत बांधलेला कारागीर, भर उन्हांत बांधावर उभा राहून फिकट अक्षरें वाचूं पाहणारा शेतकरी, या सर्वांची अडचण एकाच जातीची आहे. आज ना उद्यां ती बहुतेकांच्या घरीं येते.

आमच्या परिचयाचा एक विद्यार्थी जन्मापासून दृष्टिहीन आहे. त्याचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. तो बारावी उत्तीर्ण झाला आणि पुढील शिक्षणाकरितां शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास बसला. त्याचा मोबाईल पडद्यावरील मजकूर वाचून दाखवितो, व तो त्यावर वर्तमानपत्र वाचतो, मित्रांस पत्रें लिहितो. अर्जाचें पान उघडलें तेव्हां मोबाईल बोलूं लागला, "रकाना, रकाना, रकाना, बटण, बटण." कोणत्या रकान्यांत आईचें नांव लिहावयाचें आणि कोणत्यांत उत्पन्नाचा आंकडा, हें पान सांगेना. अदमासानें व चुकतमाकत त्यानें दोन संध्याकाळांत अर्ज भरला. शेवटीं एक चित्र आलें. त्यांत वांकडींतिकडीं अक्षरें होतीं आणि तीं ओळखून लिहावयाचीं होतीं. ऐकून ओळखण्याची सोय तेथें नव्हती. अर्जदार हा यंत्र नसून मनुष्य आहे याची खात्री पटावी म्हणून हें चित्र ठेवतात, यालाच कॅप्चा म्हणतात. आमचा विद्यार्थी मनुष्य असूनही त्या परीक्षेंत नापास झाला.

अखेर मुदतीच्या शेवटच्या दिवशीं तो अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानांत गेला. तेथें दहा अनोळखी माणसांदेखत त्याला बापाचें उत्पन्न, जात, बँकेच्या खात्याचा आंकडा आणि मोबाईलवर आलेला गुप्त संकेतांक मोठ्यानें सांगावा लागला. अर्ज वेळेंत गेला. पण नंतर तो आम्हांस म्हणाला, "सर, मला अर्ज भरतां येत नव्हता असें नाहीं. मला दारांतूनच परत लावलें." या वाक्याचा विसर आम्हांस पडलेला नाहीं. पैशाची हानि झाली नाहीं, परंतु ज्या गोष्टी मनुष्य आपल्या सख्ख्या शेजाऱ्यासही सांगत नाहीं त्या त्याला परक्याच्या हवालीं कराव्या लागल्या. दोष त्याच्या डोळ्यांचा नव्हता. पान बांधणाऱ्याच्या हयगयीचा होता.

डोळ्यांवांचून वाचणें ही कांहीं नवी विद्या नव्हे. फ्रान्स देशांतील लुई ब्रेल (१८०९-१८५२) हा स्वतः अंध होता. त्यानें सहा ठिपक्यांची लिपि तयार करून १८२९ सालीं प्रसिद्ध केली. मुंबईंत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलार्ड यांनीं १९०० सालीं अंध मुलांची शाळा काढली. ती आज दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्ध आहे. त्या काळीं हिंदुस्थानांत ब्रेलच्या अनेक पद्धति चालत होत्या. एका पद्धतींत शिकलेल्या मुलास दुसऱ्या पद्धतीचें पुस्तक हातीं आलें तरी तें त्याला मुकेंच राही. हा घोटाळा १९५१ सालीं भारती ब्रेल या एका पद्धतीनें मिटविला. आतां मराठींतील 'क' आणि गुजरातींतील 'क' यांचे ठिपके एकच आहेत. यांतील धडा असा कीं, वाचणाराच्या अंगीं कितीही बुद्धि असली तरी लिहिणाराने ठरलेला नियम पाळला नाहीं, तर पुस्तक बंदच राहतें. संकेतस्थळांनाही हाच नियम लागू पडतो.

आतां दृष्टिहीन मनुष्य संकेतस्थळ कसें वाचतो तें पाहूं. त्याच्या संगणकांत किंवा मोबाईलमध्यें पडदावाचक नांवाची एक आज्ञावली असते. इंग्रजींत तिला स्क्रीन रीडर म्हणतात. नव्या मोबाईलमध्यें ती बहुधा आधींपासूनच असते. संगणकासाठीं एन.व्ही.डी.ए. नांवाची आज्ञावली विनामूल्य मिळते. तिची सुरुवात ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानें २००६ सालीं केली, व जेम्स टेह हा त्याचा दृष्टिहीन मित्र त्याला येऊन मिळाला. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. पडदावाचक पडद्यावरचें चित्र पाहत नाहीं. पानाच्या मागें जें मूळ लिखाण असतें, तें तो वाचतो. म्हणजे प्रत्येक पानाला दोन रूपें असतात, एक डोळ्यांस दिसणारें आणि दुसरें आंतील लिखाणाचें. पहिलें कितीही सुंदर असलें आणि दुसरें जर पोकळ असेल, तर ऐकणाराच्या वाट्यास तो पोकळपणाच येतो.

दुसरें असें कीं, डोळा सगळें पान एका दृष्टिक्षेपांत पाहतो. कानाला एकामागून एक शब्दच ऐकावा लागतो. शंभर ओळींच्या पानांत आपणांस हवी असलेली ओळ डोळा क्षणांत शोधतो, कारण मथळे ठळक असतात. कानालाही अशीच सोय हवी. पान बांधणाऱ्यानें मथळ्याला मथळा म्हणून खूण केली असेल, तर पडदावाचकावर एक कळ दाबून एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारतां येते. त्यानें ती खूण न करतां नुसतें अक्षर मोठें व जाड केलें असेल, तर डोळ्याला मथळा दिसतो, पण कानाला तो सांपडत नाहीं. काम एकच, कष्ट तितकेच, आणि परिणामांत मात्र जमीन-अस्मानाचें अंतर.

चित्रांचेंही तसेंच आहे. प्रत्येक चित्रामागें त्याचें वर्णन लिहिण्याची जागा असते. तेथें "चित्र" एवढेंच लिहून भागत नाहीं. त्या चित्राचें त्या ठिकाणीं जें प्रयोजन असेल तें लिहावें. शाळेच्या पानावर वार्षिक क्रीडास्पर्धेचें छायाचित्र असेल, तर "कबड्डीच्या अंतिम सामन्यांत चढाई करणारी नववीची मुलगी" असें लिहावें. नुसत्या शोभेच्या वेलबुट्टीचें वर्णन मात्र कोरें सोडावें, म्हणजे ऐकणाराचा वेळ फुकट जात नाहीं. अर्जांतील प्रत्येक रकान्यास त्याचें नांव आंतील लिखाणांत जोडावें. तेवढें केलें असतें तर आमच्या विद्यार्थ्याच्या दोन संध्याकाळा वांचल्या असत्या. दुव्यावर "येथें क्लिक करा" असें न लिहितां "प्रवेशअर्ज उघडा" असें लिहावें. कारण ऐकणारा पुष्कळदां केवळ दुव्यांचीच यादी ऐकतो, आणि त्या यादींत "येथें क्लिक करा" हे शब्द वीस वेळां आले तर त्यानें काय समजावें?

मराठी पानांस याहून निराळ्या अशा तीन व्याधि जडलेल्या आहेत. पहिली व्याधि जुन्या टंकांची. पूर्वीं छपाईसाठीं जे मराठी टंक तयार झाले, त्यांतील पुष्कळांत मराठी अक्षराचा केवळ आकार इंग्रजी अक्षराच्या जागीं बसविलेला असे. डोळ्याला 'शाळा' दिसते, परंतु संगणकाच्या लेखीं तीं इंग्रजी अक्षरें व चिन्हेंच असतात, आणि पडदावाचक तोच अर्थहीन गोंधळ वाचून दाखवितो. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या पद्धतींत जगांतील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. त्यांत आपल्या 'क' चा क्रमांक २३२५. युनिकोडमध्यें लिहिलेला 'क' कोणत्याही यंत्रावर 'क' च राहतो. भारती ब्रेलनें ठिपक्यांच्या बाबतींत जें कार्य केलें, तेंच युनिकोडनें अक्षरांच्या बाबतींत केलें आहे.

दुसरी व्याधि कागदाच्या छायाचित्राची. सूचना टंकलिखित करावयाची, तिचा कागद काढावयाचा, त्यावर सही-शिक्का करावयाचा आणि मग त्या कागदाचें छायाचित्र संकेतस्थळावर ठेवावयाचें, अशी चाल पुष्कळ ठिकाणीं दिसते. छायाचित्रांत अक्षरें नसतात, केवळ काळे-पांढरे ठिपके असतात. अक्षरें ओळखणारीं साधनें आतां निघालीं आहेत, पण पुसट शिक्का व वांकडा कागद यांपुढें तीं अडखळतात. सही-शिक्क्याचा कागद ठेवावयाचा तर खुशाल ठेवावा. परंतु तोच मजकूर अक्षररूपानें शेजारीं द्यावा.

तिसरी व्याधि भाषेच्या खुणेची. पान कोणत्या भाषेंत आहे हें आंतील लिखाणांत दोन अक्षरांनीं सांगावयाचें असतें. मराठीसाठीं एम-आर, हिंदीसाठीं एच-आय, इंग्रजीसाठीं ई-एन अशीं तीं अक्षरें आहेत. ही खूण चुकली कीं पडदावाचक चुकीच्या आवाजानें वाचूं लागतो. लिपि देवनागरीच असली तरी हिंदीचा उच्चार मराठीला चालत नाहीं. 'चार' मधील 'च' आणि 'चाक' मधील 'च' हे भिन्न आहेत, हें मराठी मुलाला शिकवावें लागत नाहीं. हिंदी आवाज मात्र दोन्ही एकाच ठशांत ओतून टाकतो. दोन अक्षरांच्या या खुणेला एक पैसाही खर्च येत नाहीं.

येथपर्यंत आम्ही दृष्टिहीनांविषयींच बोललों, परंतु प्रश्न त्यांच्यापुरताच नाहीं. ज्याला ऐकूं येत नाहीं त्याला चलच्चित्राखालीं बोललेल्या शब्दांच्या ओळी हव्या असतात. ज्याचा हात कांपतो त्याला माउस धरून बारीक बटणावर नेम धरतां येत नाहीं. त्याच्यासाठीं बटणें मोठीं असावीं आणि सर्व पान नुसत्या कळफलकानें चालवितां यावें. ज्याला लाल व हिरवा रंग सारखेच दिसतात त्याला "लाल रकाने पुन्हां भरा" या सूचनेचा कांहींच उपयोग नाहीं. चूक कोठें आहे तें शब्दांनीं सांगितलें पाहिजे. ज्याला वाचावयास वेळ लागतो त्याचा अर्ज मध्येंच "वेळ संपली" म्हणून पुसला जाऊं नये. आणि ज्याला लांबलचक कचेरी भाषा समजत नाहीं त्याच्यासाठीं वाक्यें लहान व शब्द घरगुती असावे. आमच्या शहापूर-मुरबाड भागांत ज्यांच्या घरांतील हें पहिलेंच पुस्तक आहे अशीं मुलें पुष्कळ आहेत. सोपी भाषा त्यांच्याही कामीं येते.

रंगांविषयीं एक हिशेब सांगण्यासारखा आहे. अक्षर व त्याची पार्श्वभूमि यांच्या उजेडांतील अंतर आंकड्यांत मोजतां येतें. पांढऱ्यावर काळें अक्षर असलें म्हणजे हें प्रमाण २१ ला १ भरतें. तें सर्वांत अधिक होय. साधारण आकाराच्या अक्षरास तें निदान ४.५ ला १ असावें असा नियम आहे. आतां आपल्याकडे महत्त्वाची सूचना पांढऱ्यावर लाल अक्षरांत देण्याची आवड फार. शुद्ध लाल रंगाचें प्रमाण सुमारें ४ ला १ येतें, म्हणजे तो या कसोटीस थोडा उणाच पडतो. पांढऱ्यावर पिवळ्याचें प्रमाण तर जेमतेम १.०७ ला १. तें अक्षर न लिहिलेलेंच बरें.

हे नियम कोणा एकाच्या लहरीनें ठरलेले नाहींत. टिम बर्नर्स-ली यांनीं जगद्व्यापी जाळें निर्माण केलें, व त्याचे नियम ठरविण्यासाठीं १९९४ सालीं त्यांच्याच पुढाकारानें एक मंडळ स्थापन झालें. त्या मंडळानें सुगमतेचे पहिले नियम १९९९ सालीं प्रसिद्ध केले. २००८ सालीं त्यांची दुसरी आवृत्ति निघाली, व तिच्यांत २०१८ व २०२३ सालीं भर पडली. या सर्वांचें सार चार सूत्रांत आहे. पानावरचें सर्व कांहीं कोणत्या तरी इंद्रियानें जाणतां आलें पाहिजे. तें चालवितां आलें पाहिजे. तें समजलें पाहिजे. आणि निरनिराळ्या साधनांवर तें टिकलें पाहिजे.

आपल्या देशानेंही हें मानलें आहे. सरकारी संकेतस्थळांसाठीं मार्गदर्शक नियम २००९ सालीं तयार झाले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं संमत होऊन १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला. त्यानें अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ वर नेले आणि माहिती व दळणवळणाचीं साधनें सर्वांस सुगम करण्याचें कर्तव्य सरकारवर घातलें. पुढें ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रज्ञा प्रसून यांच्या खटल्यांत एक महत्त्वाचा निकाल दिला. बँकेचें खातें उघडतांना मोबाईलसमोर डोळ्यांची उघडझांप करून आपण जिवंत मनुष्य आहों हें दाखवावें लागे. आम्लहल्ल्यानें ज्यांच्या पापण्या जळाल्या त्यांनीं ती कशी करावी? दृष्टिहीन नागरिकाचीही अशीच तक्रार त्या वेळीं न्यायालयापुढें होती. न्यायालयानें सांगितलें कीं, अशा साधनांपर्यंत पोंचणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि ओळख पटविण्याची रीत सर्वांस सुगम करण्यासाठीं २० आदेश दिले. सुगमता ही दया नसून देणें आहे, हें यावरून स्पष्ट होतें.

कोणी म्हणतील कीं, कायदा झाला, नियम झाले, मग शाळेंतील मुलांनीं याची चिंता कां वाहावी? आमचें उत्तर असें कीं, कायदा निकाल देतो, पण पान माणूसच बांधतो. आज संगणकाच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांपैकींच कोणी उद्यां ग्रामपंचायतीचें, कोणी पतपेढीचें, कोणी रुग्णालयाचें संकेतस्थळ बांधणार आहेत. खर्चाची सबब या ठिकाणीं चालत नाहीं. घर बांधतांनाच उतार ठेवला तर चार विटा लागतात. घर उभें राहिल्यावर उंबरा फोडून तो करावयाचा तर गवंडी बोलवावा लागतो. पानाचेंही असेंच आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांस आम्ही एक लहानसा अभ्यास देतों. आपण बांधलेलें किंवा रोजच्या वापरांतील एखादें पान घ्यावें. पहिल्या दिवशीं माउस बाजूस ठेवून केवळ कळफलकानें, टॅब ही कळ दाबीत, त्यावरील सर्व कामें होतात कीं काय हें पाहावें. दुसऱ्या दिवशीं अक्षरें दुप्पट मोठीं करावीं व मजकूर एकमेकांवर चढतो कीं काय हें पाहावें. तिसऱ्या दिवशीं पडदावाचक सुरू करून डोळे मिटावे आणि हवी ती माहिती शोधावी. चौथ्या दिवशीं आपल्या आजी-आजोबांच्या हातीं मोबाईल देऊन, मध्यें एक शब्दही न बोलतां, त्यांची बोटें कोठें अडतात तें पाहत बसावें. जेथें अडचण आली तेथें वहींत नोंद करावी. डोळे मिटून पाहणें ही केवळ एक चांचणी आहे. रोज त्याच वाटेनें जाणाऱ्याचें ज्ञान तिनें येत नाहीं. यासाठीं पांचवी व शेवटची पायरी अशी कीं, आपल्या गांवांतील दिव्यांग बंधुभगिनींस तें पान वापरावयास द्यावें आणि ते सांगतील तें मुकाट्यानें ऐकून दुरुस्त करावें. त्यांच्यासाठीं करावयाचें काम त्यांना विचारल्यावांचून कधींच नीट होत नाहीं.

आमचा तो विद्यार्थी आतां महाविद्यालयांत शिकत आहे. दुसऱ्या वर्षीं त्यानें वसतिगृहाचा अर्ज दुसऱ्या एका संकेतस्थळावर भरला. तेथें प्रत्येक रकान्यास नांव होतें, आणि वांकड्या अक्षरांच्या चित्राऐवजीं एक साधा प्रश्न होता. अर्ज भरावयास त्याला वीस मिनिटें लागलीं. आम्हीं विचारलें, "कोणाची मदत घेतलीस?" तो म्हणाला, "कोणाचीच नाहीं, सर. कोणाला सांगायची वेळच आली नाहीं."

भातसेवरच्या पुलानें ज्याप्रमाणें कोणासही त्याचें नांवगांव विचारूं नये, त्याप्रमाणें आपण बांधलेल्या पानानेंही कोणाला त्याच्या शरीराचा हिशेब मागूं नये. सापगांवच्या नदीकांठीं वाढलेल्या मुलांस एवढें समजलें म्हणजे या लेखाचें काम झालें.